जनावरांच्या डॉक्टरांना विचारा : सशाच्या नाकात पू, जबड्यावर गाठ

प्रश्न : डॉक्टरसाहेब, नमस्कार. आम्ही लाखांदूर तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. धानाची शेती आहे, चार शेळ्या आणि थोड्या कोंबड्या आहेत. माझी मुलगी सातवीत आहे. तिनं दीड वर्षापूर्वी हट्ट करून बाजारातून पांढरा ससा आणला, नाव ठेवलं ‘कापूस’. तान्ह्या पोळ्याच्या सुमारास त्याला शिंका सुरू झाल्या. पावसाळी सर्दी असेल म्हणून आम्ही लक्ष दिलं नाही. मग नाकातून पांढरं घट्ट यायला लागलं. आता डाव्या जबड्याखाली सुपारीएवढी गाठ आहे आणि मान एका बाजूला कलते. जवळच्या दवाखान्यात नेलं तर ‘सशाचं आम्ही पाहत नाही’ म्हणाले. घरी लहान मुलाचं ॲन्टिबायोटिकचं गुलाबी सिरप उरलं होतं, तेच दोन वेळा पाजलं. बाटलीवर ॲमॉक्सिसिलिन लिहिलं आहे. सासूबाई म्हणतात गाठीवर डाग द्या. शेजारी म्हणतात शेळ्यांना लागण होईल, रानात सोडून द्या. पोरगी त्याला मांडीवरून खाली ठेवत नाही. तो वाचेल का? मुलांना काही होईल का? आम्ही काय करावं?
— एक आई, जि. भंडारा

उत्तर : ताई, बाकी सगळं नंतर. ते सिरप आधी बंद करा आणि बाटली पोरीच्या हाताला लागणार नाही अशी वर ठेवा. तुमच्या लहान्याला ज्यानं बरं वाटलं, तेच औषध सशाच्या तोंडातून गेलं तर त्याचा जीव घेऊ शकतं. ॲमॉक्सिसिलिन, ॲम्पिसिलिन, सेफॅलेक्सिन, लिंकोमायसिन, क्लिंडामायसिन, एरिथ्रोमायसिन. ही नावं पोरीकडून एका कागदावर लिहून घ्या आणि तो कागद पिंजऱ्याला बांधा. उद्या कुणी पाहुणा शहाणपणा करायला आला तर दाखवायला कामी येईल.

याचं कारण सशाच्या पोटात आहे. शेळीचा चारा पुढच्या मोठ्या पोटात कुजतो आणि ती रवंथ करते. सशाचं हे काम आतड्याच्या मागच्या भागात, सीकम नावाच्या मोठ्या पिशवीत चालतं. तिथं कोट्यवधी उपयोगी जंतू गवत पचवत बसलेले असतात. वरची औषधं तोंडातून गेली की ते जंतू मरतात आणि औषधाला न जुमानणारे क्लॉस्ट्रिडियम जातीचे जंतू त्यांची जागा घेतात. त्यांचं विष रक्तात उतरतं. मग पातळ, घाण वासाची हगवण, फुगलेलं पोट, थंड पडलेले कान, आणि पुढे बहुतेक वेळा काही करता येत नाही. हे लगेच घडतंच असं नाही, काही दिवसांनीही होतं. तेव्हा पुढचा आठवडाभर त्याच्या लेंड्या रोज पाहा. गोल, कोरड्या, वाटाण्याएवढ्या पडत असतील तर तो यातून सुटला म्हणायचं. पहाटे कधी मऊ, चकचकीत, घोसासारख्या लेंड्या दिसल्या तर घाबरू नका. त्या तो स्वतः परत खातो, ते त्याचं नेहमीचंच आहे. चिकट आणि पातळ दिसलं, तर मात्र वाट पाहू नका.

गंमत अशी, की पेनिसिलिन सुईनं कातडीखाली दिलं तर सशाला चालतं. जबड्याच्या गाठीसाठी जाणकार डॉक्टर ते मुद्दाम वापरतात. औषध वाईट नाही, त्याची वाट चुकली. मेडिकलवाल्यावर चिडून काही होणार नाही, त्याला सशाचं पोट कुणी शिकवलेलं नसतं. खरं सांगायचं तर आम्हालाही फार शिकवलेलं नव्हतं. खेड्यातल्या सरकारी दवाखान्यात आमचा हात गाय, म्हैस, बैल, शेळी, कोंबडी यांच्यावर बसलेला असतो. ‘सशाचं पाहत नाही’ म्हणणाऱ्यानं निदान खोटं औषध तरी दिलं नाही, एवढं त्याच्या बाजूनं म्हणून ठेवतो.

आता रोगाबद्दल. तुम्ही लिहिलेल्या खुणा एकत्र ठेवल्या तर पहिला संशय पाश्चुरेला मल्टोसिडा या जंतूवर जातो. लुई पाश्चर यांनी 1880 च्या सुमारास कोंबड्यांच्या कॉलऱ्यावर काम केलं तो हाच, नावही त्यांच्यावरूनच पडलं. आपल्याकडे बैल-म्हशींना पावसाळ्याच्या तोंडाला घटसर्प होतो, तोही याच जंतूच्या दुसऱ्या प्रकारामुळे. अनेक धडधाकट सशांच्या नाकात हा जंतू आयुष्यभर मुक्काम ठोकून असतो आणि काहीच करत नाही. ताण पडला, ऊन लागलं, ओल आली, पिंजऱ्यात मुताचा वास कोंडला, की तो डोकं वर काढतो. म्हणजे कापूसला हा आजार यंदाच्या पावसानं दिला असं नाही. बाजारातून आणला तेव्हाच जंतू त्याच्यासोबत आला असण्याची शक्यता जास्त. स्टॅफिलोकोकस किंवा बोर्डेटेला असे दुसरे जंतूही असू शकतात. म्हणून शक्य असेल तर पू तपासून कोणतं औषध लागू पडतं ते पाहावं.

एक खूण घरीच पाहा. त्याला मांडीवर घ्या आणि पुढच्या पायांची आतली बाजू उजेडात धरा. ससा नाक पुसतो ते पुढच्या पंजांनी. आतल्या बाजूचे केस चिकटून, वाळून, खपली धरल्यासारखे झाले असतील तर नाक पुष्कळ दिवसांपासून वाहतंय, तुम्हाला दिसलं त्याच्याही आधीपासून. ससा श्वास नाकानंच घेतो. नाक चोंदलं की खाताना त्याचा जीव घाबरा होतो, म्हणून तो खाणं सोडतो. रोज दोन-तीनदा कोमट पाण्यात बुडवून पिळलेल्या कापडानं नाकपुड्या पुसून मोकळ्या करा. वाफ देऊ नका. बाम, निलगिरी, लसणाची धुरी तर अजिबातच नको.

मान कलण्याची दोन कारणं संभवतात. नाकातला जंतू आतून कानापर्यंत चढतो आणि तोल सांभाळणाऱ्या भागात पू करतो, हे पहिलं. दुसरं कारण एन्सेफॅलिटोझून नावाचा सूक्ष्म परजीवी. तो जीवाणू नाही आणि ॲन्टिबायोटिकला दाद देत नाही. त्यासाठी जंतावरचं फेनबेंडाझोल सलग 28 दिवस देतात. नाकातून पू आणि जबड्याला गाठ असताना मी कानाकडेच आधी बोट दाखवीन, पण डॉक्टरांना दोन्ही नावं सांगा. तोवर पिंजऱ्यात गुंडाळलेली चादर दोन्ही बाजूंनी लावा, म्हणजे तो लोळून स्वतःला इजा करून घेणार नाही.

गाठीचं ऐका. सासूबाईंना माझा नमस्कार सांगा आणि डाग देऊ देऊ नका. ब्लेडनं फोडूही नका, हळद-चुन्याचं पोटीसही नको. सशाचा पू पातळ नसतो, तो खव्यासारखा घट्ट असतो. चीर दिली तरी वाहून जात नाही. गाठीच्या भोवती जाड पिशवी तयार झालेली असते, औषधही तिच्या आत नीट पोचत नाही. म्हणून गाठ पिशवीसकट काढावी लागते किंवा उघडी ठेवून आतून रोज धुवावी लागते, आणि ते भूल देऊन. जबड्याखालची गाठ बहुतेक वेळा दाढेच्या मुळाशी निघते. सशाचे दात जन्मभर वाढतात. गवत चावून ते झिजले नाहीत तर मुळं जबड्यात घुसतात आणि तिथं पू धरतो. एक्स-रे काढल्याशिवाय हे कळत नाही. तुम्ही काय खाऊ घालता ते लिहिलं नाही, पण धानपट्ट्यातली घरं मला ठाऊक आहेत. भात, पोहे, चहात बुडवलेलं बिस्कीट, मधून गाजर. बरोबर ना?

कुठं न्यायचं? तुम्हाला नागपूर. सेमिनरी हिल्सवरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय 1958 सालचं आहे, 2000 साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाखाली ते येतं. तिथं शस्त्रक्रिया विभाग आणि प्रयोगशाळा आहे. पश्चिम विदर्भातल्या वाचकांना याच विद्यापीठाची अकोल्याची संस्था जवळ पडेल. निघण्याआधी फोन करून ‘ससा आहे, जबड्याला गाठ आहे, मान कलते’ एवढं सांगा आणि सकाळच्या वेळेत पोचा. एसटीत नेणार असाल तर भाजीची प्लास्टिकची जाळीदार टोपली उलटी बांधून न्या, खाली गवत अंथरा, वरून ओलसर सुती कापड. तोंडाशी गवत राहू द्या. भूल द्यायची म्हणून त्याला उपाशी ठेवू नका. सशाला उलटी होतच नाही, त्यामुळे माणसासारखा रात्रभरचा उपवास लागत नाही, उलट तो घातक ठरतो. कुणी सांगितलं तरी हे एकदा डॉक्टरांना स्पष्ट विचारा. आणि वजन करून जा. किराणा दुकानाच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर पिशवीत बसवून झालं तरी चालेल, कारण औषधाची मात्रा वजनावर ठरते.

तोंडातून देण्याजोगी औषधं सशाला आहेत. एन्रोफ्लॉक्सासिन आहे, ट्रायमेथोप्रिम आणि सल्फाची जोडी आहे, दुखण्यासाठी मेलॉक्सिकॅम आहे. मात्रा मी इथं छापत नाही. छापली की अर्धा जिल्हा शेळीच्या बाटलीतून अंदाजे ओततो, हा माझा अनुभव आहे. एवढं लक्षात ठेवा, की हा उपचार आठवड्यांचा असतो, गाठ असेल तर कधी महिन्यांचा. नाक कोरडं झालं म्हणून मधेच औषध सोडलं तर जंतू पुन्हा उठतो आणि मग तेच औषध त्याला लागत नाही.

पण माझं म्हणणं विचाराल तर औषधापेक्षा मोठं काम तुमच्या घरात आहे. आजारी ससा जंतूनं मरतो त्याच्या आधी भुकेनं मरतो. बारा तास काहीच खाल्लं नाही आणि लेंडी पडली नाही, तर त्याचं आतडं थांबायला लागलं असं समजा, मग रात्र असो की सण असो. सशाच्या गोळ्यांचं खाद्य मिळालं तर ते कोमट पाण्यात भिजवून पातळ लगदा करा. मिळालं नाही तर सावलीत वाळवलेलं गवत मिक्सरमध्ये बारीक करून, गाळून, पाण्यात कालवा. सुई नसलेली शिरिंज घ्या, टोक थोडं कापून गुळगुळीत करा. ससा मांडीवर बसलेलाच राहू द्या, उताणा करू नका, नाहीतर लगदा श्वासनळीत जाईल. पुढच्या दातांच्या मागे बाजूला फट असते, तिथून टोक आत सारा आणि अर्धा-एक मिली सोडून थांबा. तो चावेल, गिळेल, मग पुढचं. एका वेळी किलोमागे दहा-पंधरा मिली, दिवसातून चार वेळा. पोरीला हे काम द्या. तुमच्यापेक्षा ती हे सबुरीनं करील. पोट ढोलासारखं टणक असेल किंवा कान बर्फासारखे थंड असतील तर मात्र भरवू नका. आधी गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवा आणि डॉक्टर गाठा. त्याचा ताप मोजायचा झाला तर एक फरक ध्यानात घ्या, सशाचं नेहमीचंच तापमान 101 ते 104 अंश फॅरनहाइट असतं. 103 पाहून क्रोसिन शोधू नका. 100 च्या खाली गेलं तर ते 103 पेक्षा वाईट.

जागा बदला. तणसाचं अंथरूण ओलं झालं की मुतातून अमोनिया सुटतो. पिंजऱ्यात नाक घालून वास घ्या. तुमच्या डोळ्यांना झोंबत असेल तर त्याच्या नाकाची आतली कातडी आधीच सोललेली आहे. तणस रोज बदला, पिंजरा कोंबड्यांच्या खुराड्यापासून दूर ओसरीवर आणा, वारा येऊ द्या पण झोत नको. पावसाळ्यात माशांवर नजर ठेवा. शेपटीखाली घाण लागून राहिली की एका दिवसात अळ्या पडतात, ते दृश्य पोरीनं न पाहिलेलं बरं. गोचीड-पिसवांवरचा शेळीचा किंवा कुत्र्याचा स्प्रे मारू नका, त्यातलं फिप्रोनिल सशाला विषारी आहे. खाणं म्हणाल तर मुख्यतः हरळी आणि बांधावरचं गवत, धानावर फवारणी झाली असेल त्या बांधीवरचं सोडून. भात-बिस्कीट बंद. आणि उन्हाळ्याचं आत्ताच ठरवून ठेवा. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, सशाला 30 च्या पुढेच जड जायला लागतं. टिनाच्या शेडखाली तो पुढचा उन्हाळा काढणार नाही.

मुलांचं. माणसाला हा जंतू मुख्यतः चाव्यातून किंवा ओरखड्यातून लागतो. चावला तर वाहत्या पाण्यात साबणानं धुवायचं, सूज आली तर माणसांच्या डॉक्टरांना ससा चावला हे सांगायचं. हाताळल्यावर हात धुणं, नाकाला नाक न लावणं, एवढं पुरे. शेळ्यांना यातून आजार झाल्याचं माझ्या पाहण्यात नाही, तरी चारा-पाण्याची भांडी वेगळी ठेवा. रानात मात्र सोडू नका. पिंजऱ्यात वाढलेला पांढरा ससा रानात मोकळा होत नाही, पहिल्याच रात्री कोल्ह्याचा नाहीतर कुत्र्याचा होतो.

तो वाचेल का, हे तुम्ही विचारलंत. नुसती नाकाची तक्रार असती तर मी हो म्हटलं असतं. जंतू पुरता जात नाही, पण ससा वर्षानुवर्षं बरा जगतो. जबड्याच्या हाडात पू शिरला असेल तर गाठ काढूनही पुन्हा येते, हे आधीच कळलेलं बरं. मान थोडी वाकडी राहूनही ससे खातात, पळतात, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. पण उपचार करूनही तो खाणं सोडून, दात करकर वाजवत कोपऱ्यात बसून राहिला, तर डॉक्टरांना दयामरणाबद्दल विचारायला लाजू नका. आणि पोरीला ‘मामाकडे पाठवला’ असं सांगू नका. सातवीतली पोर आहे, तिला खरं कळतं.

प्रश्न : आमच्या गावात पावसाळ्यापूर्वी घटसर्पाची लस टोचायला पथक येतं. माझ्याकडे विक्रीसाठी पाळलेले ससे आहेत, त्यातल्या एकाचं नाक वाहतं. तुमच्या मागच्या अंकात आलं होतं की सशाचा आणि बैलाचा जंतू एकाच कुळातला. मग तीच लस सशांना टोचून घेऊ का?
— एक शेतकरी, जि. यवतमाळ

उत्तर : नाही. कूळ एक असलं तरी प्रकार वेगळा. आपल्याकडचा घटसर्प बी-2 प्रकारामुळे होतो आणि लस त्याचीच आहे. गाई-म्हशींच्या मात्रेची ती लस सशाला टोचलीत तर उपयोग शून्य, वर टोचल्या जागी गाठ. नाक वाहणारा ससा आजच वेगळा काढा, शक्य तितका लांब आणि वाऱ्याच्या खालच्या बाजूला. चारा-पाणी आधी निरोग्यांचं, शेवटी त्याचं, मग हात धुऊन घरात. नवीन ससा विकत आणला तर महिनाभर बाकीच्यांत मिसळू नका. आणि नाक वाहणारा ससा बरा दिसायला लागला म्हणून पैदाशीला ठेवू नका, विकू तर नकाच. भंडाऱ्याच्या ताईंच्या पोरीसारखी कुणीतरी पोरगी तो घेऊन जाते.

प्रश्न : सोयाबीन काढताना मजुरांना सशाचं पिल्लू सापडलं. आई दिसली नाही. मुलांनी घरी आणलंय, गाईचं दूध पाजतो आहोत. पाळता येईल का? पिंजऱ्यातल्या सशासोबत ठेवू का?
— एक वाचक, जि. वर्धा

उत्तर : दोन्ही नाही. तुमच्या शेतातला तो रानससा, काळ्या मानेचा. बाजारातला ससा वेगळ्या जातीचा, त्यांचा संकर होत नाही, आजार मात्र एकाचा दुसऱ्याला लागू शकतो. रानससा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो, घरात ठेवणं गुन्हा आहे. आई दिसली नाही म्हणून ते पोरकं नव्हतं. रानसशीण दिवसा पिल्लाजवळ बसत नाही, अंधार पडल्यावर येऊन दूध पाजून जाते. तिचं पिल्लू केसांसकट, उघड्या डोळ्यांनी जन्मतं आणि दिवसभर गवतात निपचित बसून राहतं. गाईचं दूध थांबवा. अंगावर जखम नसेल आणि कालच आणलं असेल तर आज संध्याकाळी जिथून उचललं त्याच जागेच्या जवळ, न कापलेल्या तासात किंवा धुऱ्यावरच्या गवतात ठेवा. त्या रात्री शेतातलं कुत्रं बांधून ठेवा. जखम असेल तर वनरक्षकाला कळवा.